शिडाने ऐकलेला खोकला

मित्रांनो, मी एक जुनं शीड आहे. जुनं म्हणजे किती, तर माझ्या अंगावर मूळचं कापड थोडं आणि ठिगळं उदंड. तुम्ही म्हणाल, शिडाने वादळाच्या गोष्टी सांगाव्यात, कुत्र्याच्या पिल्लाच्या खोकल्याशी त्याचा काय संबंध? अहो, जन्मभर मी वाराच तर खाल्ला आहे. वारा आत कसा येतो, बाहेर कसा जातो आणि कोंडला म्हणजे काय होतं, हे मला नाही कळणार तर कोणाला? तेव्हा ऐका गुपचूप.

माझा जन्म मादागास्करच्या किनाऱ्यावर, तुलेआर शहराच्या दक्षिणेला, वेझो कोळ्यांच्या वस्तीत झाला. पिठाची पोती उसवून, समुद्राच्या पाण्यात धुऊन आणि उन्हात वाळवून वोलासोआने मला शिवलं. तेव्हा ती नवी नवरी होती. जाळं विणायच्या जाड सुईने शिवायची आणि टाका वाकडा गेला की स्वतःलाच शिव्या घालायची. तिचा नवरा हसायचा. "अगं, शीड शिवतेस की माशांना सदरा?"

"तुला बुडायचं असेल तर सांग, सैल शिवते," ती म्हणायची. टाके मात्र असे घातले की कापड विरलं, पण टाके हलले नाहीत.

दोन काठ्यांवर मला ताणलं की आमची उलांडीची, म्हणजे तोल राहावा म्हणून बाजूला लाकडाचा ओंडका बांधलेली होडी अशी सुटायची, की किनाऱ्यावरची माणसं बघत राहायची. दूरच्या बेटावर मुक्काम पडला की त्याच काठ्या वाळूत रोवून मला वर टाकायचे आणि सगळी माणसं माझ्याखाली झोपायची. वोलासोआचा नवरा वारला, तेव्हा होडी तिच्या मुलाकडे आली. त्याचं नाव मोसा. मला ठिगळ लावता लावता तो म्हणायचा, "नव्या शिडाला वारा शिकवावा लागतो, ह्याला नुसता दाखवला की पुरे." मग मी वारा नसतानाही थोडी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

मोसाची बायको नोरो. तिची एक कुत्री होती, फोती. फोती म्हणजे आमच्या बोलीत पांढरी. आमच्या किनाऱ्यावर ही एक लहानखुरी जात आहे. पिंजलेल्या कापसासारखे केस, दोन काळेभोर डोळे आणि मांजराएवढा जीव. एवढीशी असून फोती होडीच्या टोकाला जाऊन बसायची आणि लाट अंगावर आली की लाटेवर भुंकायची! मोठमोठे मासे पाहिले मी, पण असा ऐटबाज प्राणी दुसरा पाहिला नाही.

फोती गाभण राहिली, त्याच सुमारास नोरोलाही दिवस गेले. वोलासोआ दोघींचे डोहाळे पुरवू लागली. ती आता साऱ्या वस्तीची वोलासोआ आजी झाली होती. वस्तीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. आमच्याकडे बाळंतिणीला कडक शेक देतात. खोली चारी बाजूंनी बंद, उशाशी कोळशाची शेगडी, अंगावर गोधडीवर गोधडी. वारा लागला की बाळंतीण हातची गेली, असं सगळे मानतात. आजीने शेकलेल्या बायका धडधाकट उठल्या होत्या, म्हणून या बाबतीत तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

फोतीला तीन पिल्लं झाली. आजीने त्यांना एकेक करून तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "शी! काय ही कुरूप कार्टी!"

दचकू नका. हे कौतुक होतं. आमच्याकडे नव्या जिवाला सुंदर म्हणत नाहीत. कोणाची तरी नजर लागते आणि जीव जातो, अशी धास्ती असते. म्हणून माया जितकी जास्त, तितकी शिवी मोठी. सगळ्यात लहान पिल्लू सगळ्यात देखणं होतं. त्याचं नाव ठेवलं रात्सी, म्हणजे कुरूप.

आणि मग आजीने जाहीर केलं, की फोतीलाही शेक द्यायचा.

शेजारची झेनी दारात उभी होती. तिला हसू आवरेना. "कुत्रीला शेक? आजी, उद्या कोंबडीला पाळण्यात घालाल!"

"तुझ्या आईला मीच शेकलं होतं, म्हणून आज तू दात काढायला उभी आहेस," आजी म्हणाली. "आई ती आई. चार पाय असले म्हणून काय तिला थंडी वाजत नाही?"

यात नुसती माया होती हो. म्हणूनच पुढचं सांगताना माझा जीव तुटतो.

घरामागे लव्हाळ्याच्या भिंतींची एक खोली होती. तिथे फोतीला आणि पिल्लांना ठेवलं आणि शेगडी पेटवली. लव्हाळ्याच्या फटींतून वारा येत होता. आजीने मोसाला हाक मारली, "होडीची उलांडी नीट होईपर्यंत शीड लोळतच पडलंय ना? आण इकडे." आणि मला आतून भिंतीला बांधून टाकलं. बघा म्हणजे! उभा जन्म वारा धरण्यात गेला आणि आता वारा अडवायचं काम. पण मला कोण विचारतो?

खोलीत धूर साचला. कोळसा नीट पेटला की धूर दिसत नाही, पण तो असतो. माझ्या धाग्याधाग्यात शिरत होता, मला कळत होतं. डोळे उघडायच्या आतच एक पिल्लू खोकू लागलं. पाठोपाठ दुसरं. आजी म्हणाली, थंडी बाधली, आणि तिने शेगडीत आणखी कोळसा घातला. आधी एक गेलं, मग दुसरं गेलं. नोरोने त्यांना चिंचेखाली वाळूत पुरलं आणि परत येताना ती दाराशीच मटकन बसली.

"आई, काहीतरी मागे लागलंय आपल्या," ती सासूला म्हणाली. तिचा हात पोटावर होता. "आधी फोतीची, मग माझं. रात्सी राहिलं तर माझं राहील. ते गेलं, की मी समजून जाईन."

"जीभ आवर!" आजी ओरडली. पण लगेच वाकून तिने स्वतःच रात्सीच्या बरगड्यांवर हात ठेवून पाहिला.

तेव्हापासून नोरो उठली की आधी रात्सीकडे यायची. त्याच्या बरगड्या हलताना दिसल्या की मगच तोंडात पाणी घ्यायची. मासळीचा कढ निवून जायचा, भात तसाच राहायचा. मोसा समजूत घालायला गेला की म्हणायची, "तुला नाही कळायचं." खरंच होतं, त्याला कळत नव्हतं. कळत असतं तरी काय करणार होता बिचारा?

रात्सीचे डोळे उघडले, ते चालू लागलं, आणि मग तेही खोकू लागलं. कसा तो खोकला! बदक ओरडावं तसा कोरडा, घोगरा. मान पुढे काढायचं, पोट आत ओढायचं, आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. पण उबळ ओसरली रे ओसरली, की स्वारी उठून उभी! शेपूट हलवायचं, आईच्या कानाला लोंबकळायचं, माझी कड दातांत धरून गुरगुरायचं. माझी! समुद्राला न भ्यायलेल्या शिडाशी हा मुठीएवढा गडी भांडत होता. मी मनातल्या मनात त्याला मुजरा केला.

आजीने आता कंबर कसली. कोळसा वाढवला. पिल्लावर गोधडी घातली. आमच्याकडे लहान बाळांच्या गळ्यात रक्षणाचा मणी बांधतात, तसा तिने रात्सीच्या गळ्यात बांधला. सुटून पडू नये म्हणून दोरा चांगला आवळला. मोसा कोळशाची टोपली घेऊन आत आला आणि डोळे चोळत म्हणाला, "आई, इथे मलाच श्वास घेता येईना."

"तू कुठे बाळंतीण आहेस? नीघ बाहेर!"

एके दिवशी दुपारी रात्सीला अशी उबळ आली, की थांबेचना. ते आडवं झालं. त्याची जीभ जांभळी पडली.  नोरो भिंतीला टेकली आणि एकटक बघत राहिली. ते बघणं मला आजही सहन होत नाही.

आजीने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "मोसा! शीड उतरव. उलांडी बसवून झाली ना? तुलेआरला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिथे नेऊ."

"आत्ता? दक्षिणेचा वारा सुटलाय आई. दुपारी कोणी होडी घालतं का पाण्यात?"

"तुझ्या बापाने घातली असती."

"बापाने घातली असती, आणि तू त्याला घरात कोंडून ठेवलं असतंस!"

"बोलत बस तू. मी वल्हं घेते." आणि म्हातारी खरंच वल्हं उचलून चालू लागली. पिल्लू तिने खोलीतल्याच एका कापडात डोक्यापर्यंत गुंडाळून छातीशी धरलं होतं. मोसा मला खांद्यावर टाकून तिच्यामागे धावला.

मित्रांनो, त्या दिवशीचा वारा! कित्येक दिवसांनी माझ्या अंगात शिरला आणि माझ्यातला सगळा धूर एका झटक्यात उडून गेला. होडी लाटांवर आपटत पळू लागली. उलांडी पाण्यातून वर उचलली जाऊ लागली. मोसा सुकाणूला लटकला होता. होडीत पाणी चढू लागलं, तेव्हा तो ओरडला, "आई, उपस!" आजीला दोन्ही हात हवे होते. तिने गुंडाळलेलं पिल्लू मांडीत दाबून धरलं, मणी कपड्यात अडकला म्हणून दोरा दातांनी तोडून टाकला, आणि ती करवंटीने पाणी उपसू लागली. उपसता उपसता कापड सुटलं. रात्सीचं डोकं बाहेर आलं. खारा वारा थेट त्याच्या नाकात.

आणि खोकला थांबला.

मी वरून पाहत होते. त्याच्या बरगड्या भरभर हलत होत्या, मग सावकाश हलू लागल्या. जिभेचा जांभळा रंग उतरू लागला.

मोसाने मागून हाक दिली, "आई, झाक त्याला! वारा लागेल!"

आजीने चटकन कापड ओढून घेतलं. तिच्या हाताला तीच सवय. कापडात अजून शेगडीचा वास भरलेला होता. रात्सी पुन्हा खोकू लागलं. आजी थबकली. तिने कापड बाजूला केलं. खोकला थांबला. पुन्हा झाकलं. पुन्हा खोकला. पुन्हा उघडलं.

"आई, झाक म्हणतो ना!"

"गप रे! बघू दे मला." तिचा आवाज असा आला, की मोसा पुन्हा सुकाणूकडे वळला. पिल्लाचं तोंड वाऱ्याकडे करून ती बसून राहिली. एका हाताने पाणी उपसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "दोन पोरं घालवली मी," ती म्हणाली. "उबेत मारली."  

किनारा जवळ आला, तेव्हा एक झोत असा आला, की मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टर्रकन फाटले. लागलं मला. पण होडी वाळूला लागली होती.

दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलं नाही. मी वाळूवर पडले होते. पण आजीने नंतर ते इतक्यांदा सांगितलं, की मी तिथे असल्यासारखीच आहे. आजी आत गेली आणि म्हणाली, "बाई, हे कुरूप पिल्लू बघा." डॉक्टरीणबाई आमच्याच किनाऱ्याच्या. हसून म्हणाल्या, "फारच कुरूप आहे हो!" आणि लगेच त्याच्या छातीला नळी लावून ऐकू लागल्या. मग विचारलं, "ह्याला ठेवता कुठे?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अंगणात. आजी म्हणाली, "बंद खोलीत. शेगडीजवळ. आणि गळ्यात आवळून दोरा बांधला होता. सगळं मीच केलंय."

डॉक्टरीणबाईंनी तिला दटावलं नाही. समजावून सांगितलं. या लहान जातींच्या पिल्लांची श्वासाची नळी गवताच्या काडीसारखी बारीक आणि मऊ असते. धुराने ती आतून सुजते, आणि गळ्यातल्या दोऱ्याने किंवा पट्ट्याने बाहेरून दबते. ऊब हवी, पण ती आईच्या पोटाची आणि कोरड्या कापडाची. फिरवायचं झालं तर पट्टा गळ्यात नको, छातीभोवती घ्यायचा. त्यांनी औषध दिलं, ते कसं पाजायचं ते दाखवलं, आणि बजावलं, की सगळे खोकले धुराचे नसतात. कधी छातीत कफ असतो, कधी हृदयच कमजोर असतं. म्हणून घरी अंदाज करत बसू नका, घेऊन या.

सकाळी वारा पडल्यावर मोसाने मला कसंबसं टाचलं आणि आम्ही परत आलो. नोरो पाण्यात कमरेपर्यंत येऊन उभी होती. रात्सीने तिला पाहून एवढंसं भुंकून दाखवलं. नोरोने त्याला छातीशी धरलं आणि इतकी रडली, की झेनी देखील चेष्टा विसरली.

आता मला सांगायचंय ते पुढचं. आजी घरी आली ती सरळ मागच्या खोलीकडे गेली. पाण्याचा घोटही न घेता. शेगडी उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. मासे कापायची मोठी सुरी घेतली आणि खोलीच्या भिंतीत खुपसली. लव्हाळं कराकरा कापलं जाऊ लागलं. वस्ती जमली.

"म्हातारी चळली!" कोणीतरी म्हणालं.

झेनी म्हणाली, "आजी, अहो सुनेचं बाळंतपण ह्याच खोलीत व्हायचंय ना? वारा लागेल तिला!"

"लागू दे," आजी म्हणाली. घाम तिच्या भुवयांवरून गळत होता. "साठ वर्षं मी सांगत आले, वारा मारतो. चुकले मी. ऐकलंत? चुकले. हसायचं त्यांनी हसून घ्या, मला अजून पलीकडची भिंत कापायची आहे."

कोणी हसलं नाही. मित्रांनो, मी मोठमोठे नावाडी पाहिले आहेत, वादळात होडी वळवणारे. पण आयुष्यभर ज्या शब्दावर मान मिळवला, तो शब्द साऱ्या गावासमोर उलटवणारी वोलासोआ आजी त्या सगळ्यांच्या वरची. मी तिच्या हातची आहे, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

होडीसाठी मोसाने नवं शीड शिवायला घेतलं. फाटलेल्या मला कोण होडीवर चढवणार? मी दोन-चार दिवस अंगणात पडून होते, कोंबड्या माझ्यावर चढत होत्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. मग आजीने मला कापून, त्या खोलीच्या भिंतींत पाडलेल्या खिडक्यांना पडदे शिवले. खाली ओढलं तर पाऊस अडतो, वर गुंडाळलं तर वारा आत.

रात्सी बरं व्हायला वेळ लागला. मधूनच बदकासारखं ओरडायचं आणि घरातल्या सगळ्यांचे हात थांबायचे. पण उबळी कमी होत गेल्या. अंगावर मांस धरू लागलं. फोतीबरोबर पाण्याच्या कडेने पळू लागलं, आणि दम लागला की शहाण्यासारखं बसून घेऊ लागलं.

नोरोचे दिवस भरले. आजीच्याच हातावर तिला मुलगी झाली. बाळंतिणीच्या अंगावर गोधडी होती, पोटात गरम कढ होता, आणि शेगडी अंगणात होती. पडदे मात्र नोरोनेच खाली ओढायला लावले. रात्सी वाचलं, हे तिला दिसत होतं, पण मनातली भीती अशी एका होडीच्या फेरीत जाते थोडीच? आजीने हट्ट केला नाही. "तुझी पोर, तुझी खोली," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

खोलीत उकडत होतं. रात्सी खाटेखाली पाय पसरून झोपलं होतं. तान्ही मुलगी एकदा शिंकली, मग बारीकसं खोकली. नोरो ताडकन उठून बसली. मी तिच्या अगदी जवळ लोंबत होते. तिने लेकीकडे पाहिलं, खाली रात्सीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आजीला हाक मारेल असं मला वाटलं. तिने मारली नाही. तिने हात लांब केला, मला स्वतःच्या हाताने वर गुंडाळलं आणि गाठ मारली. समुद्राचा वारा आत आला. नोरो लेकीला छातीशी धरून डोळे मिटून त्या वाऱ्यात बसून राहिली, आणि मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं इवलंसं पिल्लू असेल. त्याच्यावर माया करा, खूप करा. पण ते खोकलं तर आधी त्याच्या गळ्यात काय बांधलंय ते बघा, घरात धूर कुठे कोंडलाय ते बघा, आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर एवढं करा, उठा आणि खिडकी उघडा.